खनिज अर्थशास्त्र

खनिज कधी, किती आणि कोणत्या भावाला काढणे परवडते, याचा हिशेब मांडणारी अर्थशास्त्राची शाखा. खाणीत काही वर्षे काढलेले अभियंते व भूवैज्ञानिक ती बहुधा पदव्युत्तर पातळीवर शिकतात. अमेरिकेतील कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्स आणि ऑस्ट्रेलियातील कर्टिन विद्यापीठ ही त्यासाठी नावाजलेली ठिकाणे. नागपूरच्या भारतीय खाण ब्यूरोत (स्थापना १९४८) या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे.

अभ्यासाची सुरुवात अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ हॅरल्ड हॉटेलिंग यांच्या १९३१ मधील निबंधापासून होते. खनिज आज काढून पैसा व्याजाला लावावा, की भाव चढेपर्यंत जमिनीतच राहू द्यावे? हॉटेलिंग यांच्या मते काढणीचा खर्च वजा जाता उरणारी किंमत व्याजदराच्या गतीने वाढायला हवी. धातूंचे भाव हा नियम फारसा जुमानत नाहीत, हा भाग वेगळा. वर्तमानमूल्याची आकडेमोड मात्र कोणाला चुकत नाही : १२ टक्के दराने दहा वर्षांनंतरच्या १०० रुपयांची आजची किंमत जेमतेम ३२ रुपये. म्हणून खाणमालक चांगला माल आधी उचलतो.

सातारा जिल्ह्यात काळा दगड पैशाला पासरी. खडी ब्रासवर (१०० घनफूट) विकली जाते. तिच्या भावात सुरुंग, क्रशरची वीज, शासनाचे स्वामित्वधन आणि डंपरचे भाडे असते, दगडाची स्वतःची किंमत नगण्य. साइट दहा-पंधरा किलोमीटर लांब गेली की भाड्यातच नफा जिरतो. क्रशरवाल्याला हे पदवीशिवाय तोंडपाठ असते.

जांभ्याच्या पठारांवरील बॉक्साइटचे, म्हणजे ॲल्युमिनियमच्या खनिजाचे, गणित निराळे. त्यातील ॲल्युमिनाचे (ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचे) प्रमाण किती असल्यास माल उचलायचा, ही मर्यादा बाजारभावाबरोबर सरकते; भाव पडला की कालचे खनिज आज नुसता दगड ठरते. दगड, मुरूम, वाळू ही गौण खनिजे १९५७ च्या खाणी व खनिजे कायद्याने राज्याच्या नियमांखाली येतात, बॉक्साइट येत नाही. त्याचे नवे खाणपट्टे २०१५ पासून लिलावाने दिले जातात.

न काढलेल्या खनिजावरच्या जमिनीचे मोल ठरवणे सर्वांत अवघड. कासचे पठारही जांभ्याचेच. २०१२ मध्ये ते जागतिक वारसा यादीत आले. अशा ठिकाणी प्रवासखर्चाची पद्धत वापरतात : सप्टेंबरात फुले पाहायला पुण्याहून येणारा माणूस पेट्रोल, प्रवेशशुल्क आणि बुडालेला दिवस मिळून किती मोजतो, त्यावरून पठाराची किंमत काढतात.