लेसरआधीचं स्कॅन: लेन्स काढली कधी, ते आधी सांगा

लग्न ठरलं, भरती निघाली की चष्मा घालवायची घाई होते. डॉक्टर बुबुळाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या, टोपोग्राफीची (त्याच्या आकाराचा नकाशा काढणाऱ्या स्कॅनची) चिठ्ठी देतात, आणि बार्शी-अक्कलकोटची मंडळी पहिली एसटी धरून सोलापूरला आमच्या स्कॅन सेंटरवर येतात, डोळ्यांत लेन्स घालून! विचारलं तर उत्तर ठरलेलं : "आत्ता काढतो की."

आत्ता काढून उपयोग नाही. लेन्सच्या दाबाने बुबुळाचा आकार बदलतो आणि पूर्ववत व्हायला दिवस लागतात. तोवर काढलेला नकाशा फसवा. चांगलं बुबुळ आजारी दिसेल, नाहीतर खरा दोष झाकला जाईल. म्हणून सॉफ्ट लेन्स किमान 1 आठवडा आधी, सिलिंडर नंबरची (टॉरिक) 2 आठवडे, सेमी-सॉफ्ट (थोडी कडक, आरजीपी) असेल तर 3 ते 4 आठवडे आधी बंद करा. डॉक्टरांनी जास्त सांगितलं तर त्यांचं ऐका. तोवर चष्मा, साखरपुड्यातसुद्धा.

यावरून काउंटरवर वाद होतात, पण लेन्स वेळेत काढली नसेल तर आम्ही स्कॅन करत नाही. कारण लेसरमध्ये हिशेब मायक्रॉनचा (मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. बुबुळाची मधली जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे 540 मायक्रॉनच्या आसपास. लॅसिक या लेसर ऑपरेशनमध्ये वरचा पापुद्रा 100-120 मायक्रॉनचा उचलतात, आणि दर एका नंबरमागे लेसर आणखी 12-15 मायक्रॉन घासतो. खाली निदान 250, शक्यतो 300 उरायला हवेत. कमी उरले, किंवा बुबुळ मुळातच नाजूक असलं, तर काही महिन्यांनी, कधी वर्षांनी ते पुढे फुगतं. याला एक्टेशिया म्हणतात. क्वचितच होतं, पण झालं की नंबर परत वाढतो आणि चष्म्यानेही धड दिसत नाही. मग फुगणं थांबवायला सी-थ्री-आर (थेंब आणि अतिनील किरणांनी बुबुळ घट्ट करणं), दिसण्यासाठी खास लेन्स, आणि फारच बिघडलं तर बुबुळ बदलणं. पापुद्र्याखाली सूज येणं, पेशी शिरणं हेही क्वचित घडतं. ते स्कॅनमध्ये आधी कळत नाही, त्यासाठी ऑपरेशननंतरच्या तपासण्या चुकवू नका. एक्टेशियाचा धोका मात्र बऱ्याचदा आधी ओळखता येतो.

डोळे चोळायची सवय असेल तर लपवू नका. सोलापूरच्या धुळीत निम्म्या गावाला ती आहे. घरात कुणाला केराटोकोनस (बुबुळ पातळ होऊन पुढे फुगण्याचा आजार) असेल, वर्षभरात नंबर वाढला असेल, तेही सांगा.

आम्ही लेसर करत नाही, त्यामुळे "करून टाका" म्हणण्यात आमचा काही फायदा नाही. स्कॅन न करता परत पाठवलं तर पैसेही घेत नाही. जुने रिपोर्ट आमच्याकडे जपलेले असतात, पुढच्या वेळी ताडून पाहता येतात. येताना जुना चष्मा आणि चिठ्ठी आणा. निघण्याआधी फोन करून लेन्स कोणती आणि कधी काढली ते सांगा. त्या हिशेबाने तारीख देऊ.