स्कॉटिश पूर्वजांचा शोध : लग्नाची नोंद आधी काढा

घरात चालत आलेली माहिती बहुधा एवढीच असते : पणजोबा स्कॉटिश, रेल्वेत नोकरी, आडनाव मॅक-काहीतरी. एवढ्या भांडवलावर थेट स्कॉटलंडच्या नोंदवह्यांत शिरलात तर एकाच नावाचे डझनभर जॉन मॅकडोनाल्ड हाती लागतील आणि त्यातला आपला कोणता, हे शेवटपर्यंत ठरणार नाही. म्हणून आम्ही शोध तुमच्यापासून सुरू करतो आणि एकेक पिढी मागे जातो. मागची कडी कागदावर पक्की झाल्याशिवाय पुढची हातात घेत नाही.

स्कॉटलंडमध्ये सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५ रोजी सुरू झाली. इंग्लंडच्या नंतर, पण तपशील कितीतरी जास्त. इंग्लंडच्या विवाहनोंदीत फक्त वडिलांची नावे असत. स्कॉटलंडच्या नोंदीत वधू-वर दोघांच्याही आईवडिलांची नावे असतात आणि आईचे माहेरचे आडनावही. म्हणजे एका लग्नाच्या कागदावर दोन कुटुंबांची मागची पिढी उलगडते. ग्राहक बहुतेक वेळा आधी जन्मदाखला मागतात. आमचा आग्रह लग्नाच्या नोंदीचा असतो तो यासाठी.

जन्मनोंद आणि लग्ननोंद एकमेकींना कशा जोडतात ते पाहा. समजा तुमच्या पणजीची जन्मनोंद १८७३ सालची, लीथमधली आहे. तीत जन्माची तारीख, ठिकाण आणि वेळसुद्धा असते (पत्रिका मांडायची हौस असेल तर सोयच झाली). वडिलांचे नाव आणि धंदा, आईचे नाव आणि माहेरचे आडनाव, आणि त्याखाली एक छोटी ओळ : ‘१८६९, डिसेंबर ३१, डंडी’. ही आईवडिलांच्या लग्नाची तारीख आणि जागा. आता डंडीची १८६९ ची विवाहसूची दोन्ही आडनावे घालून तपासली की नेमकी नोंद मिळते आणि तिथून पणजीचे चारही आजी-आजोबा दिसू लागतात. ३१ डिसेंबरची लग्ने पाहून दचकू नका. स्कॉटलंडात कामकऱ्यांना सुट्टी नव्या वर्षाची असे. नाताळ तिथे १९५८ पर्यंत सार्वजनिक सुट्टी नव्हती.

लग्नाच्या तारखेचा हा रकाना १८५६ ते १८६० या काळातल्या जन्मनोंदींत नाही. १८५५ मध्ये होता, १८६१ पासून परत आला. पूर्वज या मधल्या वर्षांत जन्मला असेल तर १८६१ नंतर जन्मलेल्या त्याच्या धाकट्या भावंडाची नोंद काढायची. आईबाप तेच, लग्न तेच.

१८५५ हे वर्ष मात्र खजिना आहे. पहिल्या वर्षी जन्मनोंदीत आईवडिलांचे वय, त्यांची जन्मठिकाणे आणि आधीच्या मुलांची संख्याही विचारली जात होती. इतका तपशील झेपेना, म्हणून पुढच्या वर्षीच रकाने कमी केले. त्या वर्षी कुटुंबात कुणाचेही, अगदी चुलत-मावस नात्यातही, जन्म-लग्न-मृत्यू झाले असतील तर ती नोंद आम्ही सगळ्यात आधी काढतो.

मृत्युनोंदीतही मृताच्या आईवडिलांची नावे असतात, पण त्यांवर डोळे झाकून विसंबू नये. माहिती देणारा कोण, हे तळाच्या सहीवरून कळते. सासूची नोंद जावयाने दिली असेल तर तिच्या आईचे माहेर त्याला कुठून ठाऊक असणार! समासात दुरुस्त्यांच्या नोंदवहीचा हवाला दिसला तर ती दुरुस्तीही काढावी लागते. अविवाहित आईच्या मुलाचा पिता अनेकदा तिथेच सापडतो.

जनगणना दर दहा वर्षांनी होते आणि शंभर वर्षे बंद राहते. सध्या १८४१ ते १९२१ पर्यंतच्या याद्या पाहता येतात. लग्ननोंदीने जोडलेले कुटुंब खरेच एका घरात राहत होते का, हे तपासायला जनगणना उत्तम. पण १८४१ ची यादी फसवी आहे. पंधराच्या वरचे वय खालच्या पाचाच्या पटीत लिहायची सूचना होती, म्हणून ३९ वर्षांचा माणूस ३५ चा दिसतो. नाते लिहिलेलेच नाही. एका घरातली बाई बायको, बहीण की वहिनी, ते यादीवरून कळत नाही. फाइफमधल्या किर्कॉल्डी, किंगहॉर्नसारख्या काही पॅरिशांच्या (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला परिसर) त्या वर्षीच्या याद्या शिल्लकच नाहीत. १८५१ पासून नाते आणि जन्माची पॅरिश मिळते. १८६१ पासून घरातल्या खिडकीवाल्या खोल्या किती, हेही मिळते. खोली एक आणि माणसे आठ, अशा ओळी ग्लासगोत भरपूर. १९११ मध्ये लग्नाला किती वर्षे झाली, मुले किती झाली आणि किती हयात, असे थेट प्रश्न आहेत.

१८५५ च्या मागे जायचे तर चर्च ऑफ स्कॉटलंडच्या जुन्या पॅरिश वह्या. सर्वांत जुनी पर्थशरमधल्या एरल गावची, १५५३ पासूनची. इथे वेग मंदावतो. जन्म नव्हे, बाप्तिस्मा लिहिलेला असतो. लग्न नव्हे, बहुधा चर्चमध्ये केलेला लग्नाचा पुकारा. तो वधू-वर दोघांच्याही पॅरिशमध्ये होई, म्हणून एकाच लग्नाच्या दोन नोंदी सापडतात आणि दोन्हींत तपशील वेगळा असू शकतो. मृत्यू फारसे नाहीतच. कधी फक्त प्रेतावर घालायच्या कापडाचे भाडे जमा दिसते. १७८३ ते १७९४ मध्ये दर नोंदीवर तीन पेन्स कर होता, त्यामुळे अनेकांनी नोंद टाळली. १८४३ मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंड फुटले आणि फ्री चर्च वेगळे झाले. फ्री चर्चमध्ये गेलेल्या कुटुंबांची मुले या वह्यांत शोधून उपयोग नाही, त्यांच्या वह्या वेगळ्या.

नावांचे दोन गुंते नेहमी येतात. स्कॉटलंडात बाई लग्नानंतरही कागदोपत्री माहेरच्या आडनावाने ओळखली जाते. विधवा जनगणनेत अनेकदा त्याच नावाने सापडते. आणि जेन, जीन, जॅनेट, जेसी ही एकाच बाईची नावे असू शकतात, तशीच डोनाल्ड आणि डॅनियल. आजी-आजोबांची नावे ठेवण्याची रीत तिथेही आहे : थोरला मुलगा वडिलांच्या वडिलांचा, दुसरा आईच्या वडिलांचा, थोरली मुलगी आईच्या आईची. हा धागा उपयोगी आहे, पुरावा नाही.

पूर्वज मुंबई इलाख्यात जन्मला असेल तर स्कॉटिश जनगणनेत जन्मठिकाण अनेकदा ‘ईस्ट इंडीज’ एवढेच दिसते. इथल्या चर्चनोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, पण त्यांत आईचे माहेरचे आडनाव बहुधा नसते. तेव्हा आईवडिलांचे लग्न स्कॉटलंडात झाले होते का, ते आधी पाहतो.

नोंदी स्कॉटलंड्सपीपल या सरकारी संकेतस्थळावर आहेत. नाव नोंदवल्यावर सूचीतला शोध फुकट, नोंदीच्या चित्राला बहुतेक ठिकाणी ६ क्रेडिट म्हणजे दीड पौंड. शंभर वर्षांच्या आतले जन्म, ७५ च्या आतली लग्ने आणि ५० च्या आतले मृत्यू यांची चित्रे ऑनलाइन दिसत नाहीत. त्यांचा अधिकृत उतारा मागवावा लागतो. आजी किंवा आजोबांच्या जन्मावरून ब्रिटनचा ॲन्सेस्ट्री व्हिसा हवा असेल तरीही उताराच लागतो, चित्राची छपाई चालत नाही. तो मागताना ‘पूर्ण’ उतारा मागा. संक्षिप्त उताऱ्यात आईवडिलांची नावे नसतात.

काम सोपवताना आम्हाला भारतातले दाखले, बाप्तिस्म्याचे कागद, थडग्यावरचा मजकूर आणि जुन्या पत्रांवरचे पत्ते पाठवा. स्पेलिंग जसे आहे तसे ठेवा, सुधारू नका. ऐकीव माहितीही कळवा, पण ती ऐकीव आहे असे लिहून.