संशयाचा फायदा

संशयाचा फायदा : फौजदारी खटल्यात आरोप वाजवी संशयापलीकडे सिद्ध झाला नाही, तर आरोपीस निर्दोष सोडावे हे तत्त्व. वृत्तपत्रे अशा निकालाला सरसकट ‘पुराव्याअभावी सुटका’ म्हणतात. तो शब्द सैल आहे. पुरावाच नसणे वेगळे आणि असलेला पुरावा तोकडा पडणे वेगळे; बचावाची वेळ आणि रीतही त्यानुसार बदलते.

तत्त्वाच्या उगमाविषयी एकमत नाही. याज्ञवल्क्यस्मृतीत लेख, भोग (ताबा-वहिवाट) व साक्षी ही प्रमाणे सांगून त्यांपैकी एकही नसल्यास दिव्य करावे असे म्हटले आहे. म्हणजे पुराव्याची उणीव पक्षकाराच्याच अंगावर येई. मराठी अमदानीतही उकळत्या तुपातून धातूचा तुकडा काढण्याचे रवादिव्य होत असे. याउलट कौटिलीय अर्थशास्त्रात (काळ विवाद्य, साधारणतः इ. स. पू. चौथे ते इ. स. तिसरे शतक यांदरम्यान) मांडव्याचा दाखला येतो : चोर नसूनही छळाच्या भीतीने त्याने ‘मी चोर’ असे कबूल केले, म्हणून पुरावा पूर्ण झाल्यावरच शिक्षा द्यावी. एवढ्यावरून तत्त्व देशी ठरविणे धाडसाचे होईल. दिव्याच्या पद्धतीत गप्प राहून सुटण्याची वाट नव्हती, आणि आजच्या तत्त्वाचा गाभा नेमकी ती वाट हाच आहे. त्याचे प्रचलित रूप १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमातून आणि वुलमिंग्टन खटल्यातील १९३५ च्या इंग्लिश निवाड्यातून आले, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

परिस्थितिजन्य पुराव्याचा (प्रत्यक्षदर्शीऐवजी परिस्थितीवरून दोष दाखविणाऱ्या पुराव्याचा) भारतातील पायाभूत निवाडा नागपूरच्या उच्च न्यायालयातून (स्थापना १९३६, नोव्हेंबर १९५६ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ) सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या अपिलावर झाला : हनुमंत गोविंद नरगुंदकर विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (१९५२). शिवनीच्या मद्यनिर्मिती कारखान्याच्या ठेक्यावरून अबकारी आयुक्तांवर खटला झाला होता. एक पत्र त्यावरील तारखेनंतर आलेल्या टंकयंत्रावर टंकले, सबब ते बनावट, असा सरकार पक्षाचा एक दावा होता. टंकयंत्राविषयीचे तज्ज्ञमत १८७२ च्या अधिनियमाच्या कलम ४५ खाली ग्राह्यच नाही, असे न्यायालयाने म्हटले. हे मत पुढे टिकले नाही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच ते चूक ठरविले, आणि त्या अधिनियमाची जागा घेणाऱ्या २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ३९ मध्ये ‘अन्य कोणतेही क्षेत्र’ आल्याने वादच मिटला. निवाड्याचे दुसरे सूत्र मात्र अबाधित आहे : प्रत्येक परिस्थिती स्वतंत्रपणे सिद्ध हवी, साखळी अखंड हवी, आणि तिचा रोख आरोपीच्या दोषाखेरीज दुसरीकडे वळता कामा नये. शरद बिरधीचंद सारडा खटल्यातील (१९८४) ‘पंचशील’ म्हणून ओळखली जाणारी पाच सूत्रे यावरच उभी आहेत.

यामुळे बचावाला निर्दोषत्व सिद्ध करावे लागत नाही. एक कडी निखळली तरी पुरते. पुरावा मुळातच नसेल, तर सत्र खटल्यात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५० खाली दोषमुक्तीचा, वकिली बोलीत ‘डिस्चार्ज’चा, अर्ज करतात. त्यासाठी प्रकरण सत्र न्यायालयाकडे सुपूर्द झाल्यापासून ६० दिवसांची मुदत आहे. या टप्प्यावर न्यायालय दोषारोपपत्रातील सामग्रीच पाहते, त्यामुळे बचावाची स्वतःची कागदपत्रे येथे सहसा उपयोगी पडत नाहीत.

उलटतपासात बहुतेक प्रकरणे बिघडतात ती एका चुकीने. साक्षीदार न्यायालयात जे सांगतो ते पोलिसांपुढील जबाबात नसते. वकील ते ‘ओमिशन’ त्याच्याकडून वदवून घेतो, पण तपास अधिकाऱ्याच्या साक्षीत तोच प्रश्न विचारायला विसरतो. मग ती वगळ सिद्ध झालीच नाही असे धरले जाते. वगळही महत्त्वाच्या बाबीची हवी. शर्टाच्या रंगावरून खटला सुटत नाही. पंच फितूर झाला म्हणजे जप्ती आपोआप कोसळते, हाही भ्रम आहे, कारण तपास अधिकाऱ्याची साक्ष विश्वसनीय वाटल्यास तेवढ्यावरही जप्ती मान्य होऊ शकते. त्याहून फलदायी असते मुद्देमालाचा प्रवास तपासणे : मोहोर कधी लागली, मालखान्यातील नोंद कोणत्या तारखेची, नागपूरच्या प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळेत पाकीट पोचले तेव्हा मोहोर शाबूत होती का.

‘मी तेथे नव्हतो’ हा बचाव सर्वांत मोहक आणि सर्वांत घातक. तो सिद्ध करण्याचा भार आरोपीवर पडतो (कलम १०६, साक्ष अधिनियम). तो खोटा ठरला, तर विरुद्ध साखळीत एक जादा कडी जोडली जाऊ शकते. मात्र सारडा निवाड्यानुसार तुटलेली कडी त्याने भरून निघत नाही. सीसीटीव्ही चित्रण अनेकदा काही आठवड्यांतच पुसले जाते आणि दूरसंचार कंपन्यांना कॉलचा तपशील दोनच वर्षे जपावा लागतो, म्हणून तो मागविण्याचा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खालील अर्ज लवकर द्यावा. सोबत इलेक्ट्रॉनिक नोंदीसाठीचे साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चे प्रमाणपत्र नसेल, तर हा पुरावा वाचलाच जात नाही. ‘मी तेथे नव्हतो’ हे प्रथमच संहितेच्या कलम ३५१ खालील आरोपीच्या जबाबात, म्हणजे सरकारी साक्षीदार संपल्यावर, मांडले तर त्याचे वजन घटते.

अमली पदार्थ, पॉक्सो (बालकांवरील लैंगिक अपराधांचा कायदा) आणि हुंडाबळी प्रकरणांत कायदाच काही गोष्टी आरोपीविरुद्ध गृहीत धरतो. तेथे नुसते मौन पुरत नाही.

अटकेतील आरोपीस उत्पन्नाची अट न घालता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळतो. ‘ससन्मान मुक्तता’ हा शब्द संहितेत नाही. नोकरीत परतताना मात्र ससन्मान सुटका आणि संशयाचा फायदा यांतला फरक उगाळला जातो. निकालापूर्वी आरोपीकडून सहा महिन्यांचे जामीन-बंधपत्र घेतात, कारण सरकार अपिलात जाऊ शकते.