चिकनगुनिया: कोलकात्यापासून मालेगावपर्यंत

२००६च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिक जिल्ह्यातल्या एकट्या मालेगावात चिकनगुनियाचे २०००हून जास्त रुग्ण नोंदले गेले. आजार मात्र देशाला नवा नव्हता. १९५२ साली तो आफ्रिकेत, आजच्या टांझानियात, प्रथम ओळखला गेला. १९६३मध्ये कोलकात्यात आणि १९७३मध्ये आपल्याच राज्यातल्या बार्शीत त्याची साथ आली. मग तीसेक वर्षं मोठी साथ नाही.

साथ परत कुठून आली, याचा उलगडा पुण्यात झाला. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत (स्थापना १९५२) बार्शीच्या साथीतला विषाणू जपून ठेवलेला होता. नव्या विषाणूशी तो ताडून पाहिला, तेव्हा दोघांची कुळं वेगळी निघाली. जुना आशियाई, नवा आफ्रिकी. आणखी एक धागा मिळाला: २००० साली पुणे जिल्ह्यातल्या यवतच्या डासांत सापडलेला विषाणूही आफ्रिकी कुळातलाच होता. म्हणजे साथ भडकण्याआधी पाचेक वर्षं तो इथे पोचला होता. जुने नमुने सांभाळून ठेवण्याचं हे काम कुणाच्या नजरेत भरत नाही, पण मला ते फार मोलाचं वाटतं.

वाहक तोच, डेंग्यू पसरवणारा एडीस डास. मादीने रुग्णाचं रक्त प्यायलं की विषाणू तिच्या आतड्यात वाढतो आणि काही दिवसांनी लाळग्रंथींत उतरतो. तिथून पुढे ती मरेपर्यंत चावून तो पसरवू शकते. चावते दिवसा, राहते घरातच. पडद्यामागे, पलंगाखाली, टांगलेल्या कपड्यांत. म्हणून रस्त्यावरून धूरफवारणीची गाडी गेली की लोकांना हायसं वाटतं, पण तो धूर तिच्यापर्यंत क्वचितच पोचतो. अळ्यांना तर त्याने काहीच होत नाही.

खरी चिवट आहेत ती अंडी. पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या कडेला ती चिकटलेली असतात. कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात आणि पाणी भरलं की फुटतात. नळाला रोज पाणी नसलेल्या वस्तीत पिंपं, टाक्या भरून ठेवाव्याच लागतात. त्यात लोकांचा दोष नाही, पाणी नियमित देणं हाही डासनियंत्रणाचाच भाग आहे. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून कोरडा दिवस, म्हणजे साठवलेलं पाणी रिकामं करून भांडी कोरडी करण्याचा दिवस, आठवड्यातून एकदा पाळायचा. त्या दिवशी पिंप नुसतं उपडं करून भागत नाही. आतली कड काथ्याने खरवडून घासावी लागते, आणि कूलरची टाकी व फ्रिजमागचा ट्रेही.