अपोस्टिल की दूतावासाचं अटेस्टेशन? विवाह दाखला परदेशी पाठवण्याआधी

फॅमिली व्हिसाच्या यादीत बहुतेक वेळा 'विवाह दाखला, रीतसर प्रमाणित केलेला' एवढंच लिहिलेलं असतं. ते वाचून कोणी अपोस्टिल करून घेतं, कोणी अटेस्टेशन. दोन्हींत भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाची खूण उमटते, ती सहसा कागदाच्या पाठीवरच, आणि करून देणारा एजंटही एकच. त्यामुळे दोन्ही एकच, असा समज होतो. मग दुबईसाठी केलेला कागद फ्रान्सच्या अर्जाला लावला जातो आणि परत येतो.

फरक शेवटच्या पायरीत आहे. अपोस्टिल हे १९६१ च्या हेग करारातून आलेलं प्रमाणपत्र. भारतात हा करार १४ जुलै २००५ पासून लागू झाला. करारातल्या देशांनी एकमेकांना शब्द दिलेला आहे: तुमच्या सरकारने एकदा अपोस्टिल लावलं की आमच्या दूतावासाचा शिक्का मागणार नाही. म्हणजे परराष्ट्र मंत्रालयात काम संपतं. करारात नसलेल्या देशासाठी मंत्रालय साधा अटेस्टेशनचा शिक्का मारतं, आणि त्यानंतर तो कागद त्या देशाच्या भारतातल्या दूतावासात किंवा वकिलातीत न्यावा लागतो. संयुक्त अरब अमिरातीच्या बाबतीत तिथेही संपत नाही. तिकडे पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचं अटेस्टेशन घ्यावं लागतं, त्याची फी १५० दिरहॅम आहे.

ओळखायचं कसं? अपोस्टिल हे चौकोनी स्टिकर असतं. वर फ्रेंचमध्ये शीर्षक आणि खाली एक ते दहा आकड्यांच्या ओळी: देश, सही कोणाची, ती कोणत्या पदावरून केली, शिक्का कोणाचा, ठिकाण, तारीख, कोणी दिलं, क्रमांक, मोहोर आणि सही. आठव्या ओळीतला क्रमांक महत्त्वाचा, त्यावरून ते खरं आहे की नाही हे तपासता येतं. दूतावासाच्या अटेस्टेशनला असा एकच ठरलेला नमुना नाही. प्रत्येक देशाचा शिक्का, स्टिकर, तिकीट वेगळं.

दुसरी आणि तिसरी ओळ नीट वाचा, कारण बहुतेक घोळ तिथेच कळतो. अपोस्टिल असो की अटेस्टेशन, लग्न खरं झालं का हे त्यातलं कोणीच सांगत नाही. कागदावरची सही ज्या अधिकाऱ्याची म्हणतात त्याचीच आहे, एवढीच ती ग्वाही. घाईत असलेला माणूस दाखल्याची झेरॉक्स काढतो, नोटरीकडून 'खरी प्रत' करून घेतो आणि त्यावर पुढचे शिक्के घेतो. मग ती साखळी नोटरीच्या सहीवर उभी राहते, विवाह नोंदणी अधिकाऱ्याच्या सहीवर नाही. पलीकडच्या खिडकीवर बसलेल्याला हवा असतो सरकारी दाखला, आणि हातात येते नोटरीच्या झेरॉक्सची ग्वाही. नोटरीचा शिक्का कितीही गोल आणि लाल असला तरी तो दाखल्याची जागा घेत नाही.

आता आपल्या बेळगाव सीमाभागाची गोष्ट, जी बेंगळुरू-मुंबईच्या एजंटांना पटकन लक्षात येत नाही. परराष्ट्र मंत्रालय उपनिबंधकाची किंवा ग्रामसेवकाची सही थेट ओळखत नाही. त्यांच्याकडे राज्य सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यांच्या सह्यांचे नमुने असतात. म्हणून मधली पायरी राज्याची, आणि ते राज्य दाखला जिथे दिला गेला त्यावर ठरतं. नवरा-बायको राहतात कुठे, आधार कार्डावर पत्ता कुठला, याचा इथे संबंध नाही. नवरा बेळगावजवळच्या उचगावचा, बायको चंदगडची, लग्न गडहिंग्लजच्या कार्यालयात लागलं आणि नोंद तिथेच झाली, तर तो महाराष्ट्राचा कागद झाला. त्याची वाट मुंबईच्या मंत्रालयातून जाते. लग्न बेळगावात लागून नोंद इथल्या सब-रजिस्ट्रार ऑफिसात झाली असेल तर तो कर्नाटकचा, आणि वाट बेंगळुरूला राज्य शासनाच्या गृह खात्याकडून. माहेर गोव्यात असेल आणि नोंद तिथे झाली असेल तर पणजीकडे. महाराष्ट्राचा दाखला बेंगळुरूला पाठवला की तो जसाच्या तसा परत येतो, कुरिअरचा खर्च आणि दिवस तेवढे जातात. त्यामुळे लग्नाआधीच नोंद कुठे करायची याचा विचार केलेला बरा. हिंदू विवाह कायद्याखाली लग्न जिथे लागलं तिथे, किंवा दोघांपैकी एक जिथे राहतो तिथे नोंद करता येते. म्हणजे बेळगावकरांना बहुधा निवडीला वाव असतो.

कर्नाटकच्या दाखल्याला आणखी एक पदर आहे, तो भाषेचा. मजकूर कन्नडमध्ये असेल तर भाषांतर लागतंच, आणि आपली आडनावं कन्नडमधून इंग्रजीत जाताना त्यांची दुर्दशा होते. कन्नडमध्ये 'ಪಾಟೀಲ' असं लिहिलेलं असलं की अक्षराला अक्षर लावणारा भाषांतरकार त्याचं 'पाटीला' करून ठेवतो. पवारचे पोवार, जाधवचे जादव होतात. पासपोर्टात एक नाव आणि भाषांतरात दुसरं, म्हणजे अर्ज तपासणाऱ्याच्या दृष्टीने दोन माणसं. भाषांतरकाराला दोघांच्या पासपोर्टाच्या प्रती आधीच द्या आणि स्पेलिंग तिथलंच वापरायला सांगा. दाखल्याच्या मूळ मजकुरातच चूक असेल तर भाषांतरात गुपचूप सुधारू नये. आधी नोंदणी कार्यालयातून दुरुस्त दाखला घ्यावा. शिक्के बसल्यावर दुरुस्ती निघाली तर सगळी साखळी पहिल्यापासून.

दाखल्यावर तारखाही एकाहून जास्त असतात. लग्न लागल्याची एक, नोंद झाल्याची दुसरी, प्रत दिल्याची तिसरी. व्हिसाच्या फॉर्मात विचारतात ती पहिली. भाषांतरात या तिन्ही वेगळ्या दिसल्या पाहिजेत.

भाषांतर आधी की शिक्का आधी? ज्या देशाला स्वतःच्या भाषेत कागद हवा असतो, तिथे बहुधा अपोस्टिल आधी आणि भाषांतर नंतर हा क्रम सोयीचा, म्हणजे स्टिकरवरचा मजकूरही भाषांतरात येतो. अमिरातीत अरबी भाषांतर तिथल्याच परवानाधारक कायदेशीर भाषांतरकाराकडून करून घेतलेलं चालतं. ते इथून करून नेण्याचा उत्साह दाखवू नये.

कोणता देश कोणत्या बाजूला? 'गल्फ म्हणजे अटेस्टेशन, युरोप म्हणजे अपोस्टिल' हे जुन्या एजंटांचं सूत्र आता अर्धं मोडलंय. अमिराती, कतार आणि कुवेत करारात नाहीत. पण ओमान आणि बहरीन आहेत, आणि सौदी अरेबियातही ७ डिसेंबर २०२२ पासून करार लागू झाला. सौदीच्या कागदासाठी आजही दूतावासाचे पैसे मागणारा एजंट भेटला तर त्याला ही तारीख सांगा. उलट बाजूला जर्मनी. तो करारात आहे, पण भारत सामील होताना त्याने हरकत नोंदवली. म्हणून जर्मनीसाठी केवळ यादीत नाव दिसलं म्हणून अपोस्टिलवर विसंबू नये. जर्मनीच्या इथल्या वकिलातीची जोडीदार व्हिसाची यादी काय म्हणते तेच धरावं.

काही देशांना व्हिसाच्या अर्जासाठी यातलं काहीच लागत नाही. कॅनडात करार ११ जानेवारी २०२४ पासून लागू झाला, म्हणून तिकडच्या जोडीदार स्पॉन्सरशिपसाठी अपोस्टिल लागतंच अशी हवा पसरली. तिथे मुख्य अट भाषांतराची आहे: पूर्ण भाषांतर, मूळ कागदाची प्रत, आणि प्रमाणित भाषांतरकार नसेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र. भाषांतर करणारा घरातला माणूस नको, मग तो वकील असला तरी. ब्रिटनला भाषांतरावर ते अचूक असल्याचं विधान, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही आणि संपर्काचा तपशील हवा. यातलं एखादं राहिलं तर सुंदर अपोस्टिलही वाचवत नाही.

खर्चात फरक मोठा आहे. अपोस्टिलची सरकारी फी एका कागदाला ५० रुपये, आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या साध्या अटेस्टेशनला फी नाही. त्यावर कागद स्वीकारणाऱ्या एजन्सीचा आकार येतो, कारण २०१२ पासून मंत्रालय लोकांकडून थेट कागद घेत नाही. बेंगळुरूतूनही हे काम होतं, दिल्ली गाठावी लागत नाही. खरा पैसा दूतावासाच्या फीत जातो, आणि ती प्रत्येक देशाची वेगळी. एजंटाकडून एकरकमी आकडा घेऊ नका. सरकारी फी, एजन्सीचा आकार, दूतावास, कुरिअर आणि त्याचं कमिशन असे वेगवेगळे आकडे लिहून मागा. देशाचं नाव पावतीवर आलंय ना तेही बघा, कारण अपोस्टिल लावायचं की साधा शिक्का मारायचा हे मंत्रालयात देशाच्या नावावरून ठरतं.

दाखला लॅमिनेट केलेला असेल तर त्यावर शिक्का बसत नाही आणि स्टिकर टिकत नाही. लॅमिनेशन सोलायच्या भानगडीत पडू नका, शाई त्याच्याबरोबर निघते. नोंदणी कार्यालयातून नवी प्रमाणित प्रत काढणं स्वस्त पडतं. कडा फाटलेल्या किंवा हाताने लिहिलेल्या जुन्या दाखल्यांनाही हाच उपाय. प्रती दोन काढा, एक साखळीत पाठवायला आणि एक घरी, कारण मूळ कागद काही आठवडे हातात नसतो आणि नेमक्या त्याच दिवसांत पासपोर्टाचं काम निघतं. शिक्के बसून आला की दोन्ही बाजू रंगीत स्कॅन करा. पाठची बाजू राहून जाते, आणि पुढची बाजू एकटीच अपलोड केली तर अर्ज बघणाऱ्याला तो बिनशिक्क्याचा कागद दिसतो.

मुलं बरोबर जाणार असतील तर प्रत्येकाच्या जन्मदाखल्याची वाट वेगळी मोजावी. आई-बापाच्या लग्नाची नोंद बेळगावला आणि बाळंतपण कोल्हापूरला, हे आपल्याकडे नेहमीचंच. अशा घरात एकाच व्हिसासाठी एक कागद बेंगळुरूकडे निघतो आणि दुसरा मुंबईकडे, आणि दोन्ही एकाच पाकिटात घालणाऱ्याचा एक नक्की परत येतो.