अ‍ॅलन रिकमन ४२ व्या वर्षी अ‍ॅक्टर झाला? नाही हो

व्हॉट्सअ‍ॅपवर तो मेसेज अजून फिरतोय, की हॅरी पॉटरमधला स्नेप म्हणजे अ‍ॅलन रिकमन, यानं ४२ व्या वर्षी अ‍ॅक्टिंग सुरू केली आणि डायरेक्ट स्टार झाला. यातलं अर्धंच खरंय. 'डाय हार्ड' १९८८ चा आणि तो त्याचा पहिला सिनेमा, हे बरोबर. पण अ‍ॅक्टिंगची सुरुवात? ती कितीतरी आधीची!

मूळचा तो ग्राफिक डिझायनर, लंडनमध्ये मित्रांबरोबर स्टुडिओ चालवायचा, चांगलं चाललेलं ते सोडून विशीतच राडाला, म्हणजे तिथल्या नामांकित नाट्यशाळेला, स्वतःच पत्र लिहून ऑडिशन मागितली आणि १९७२ ला अ‍ॅडमिशन घेतली. शिकताना खर्चासाठी मोठ्या नटांचा ड्रेसर, म्हणजे कपडे-वेशभूषेत मदत करणारा, म्हणून पण काम केलं. मग वर्षानुवर्षं नाटकं, १९७८ ला बीबीसीच्या रोमिओ ज्युलिएटमध्ये टिबल्ट, १९८२ ला 'बार्चेस्टर क्रॉनिकल्स' मालिकेत तो गोडबोल्या कारस्थानी पाद्री स्लोप (हा रोल बघाच, स्नेपच्या आधीचा स्नेप वाटतो मला तर). १९८५ ला रॉयल शेक्सपिअर कंपनीच्या नाटकात व्हालमाँची भूमिका केली, तेच नाटक १९८७ ला ब्रॉडवेवर गेलं, टोनीचं, म्हणजे तिथल्या मोठ्या नाट्यपुरस्काराचं, नॉमिनेशन मिळालं आणि तिथेच 'डाय हार्ड'च्या निर्मात्याच्या नजरेत तो भरला.

म्हणजे 'डाय हार्ड'मधला त्याचा खलनायक हॅन्स ग्रूबर उभा राहिला तो तेरा-चौदा वर्षांच्या स्टेजच्या कामावर, आणि नेमकी तीच वर्षं त्या मेसेजमधून गायब आहेत, याचंच मला फार वाईट वाटतं.