वाइनला नावं ठेवण्याचा इतिहास

जानेवारी ते मार्च हा नाशिकमध्ये वाइनच्या द्राक्षांच्या तोडणीचा हंगाम. याच दिवसांत गंगापूर धरणाकडच्या आणि दिंडोरी तालुक्यातल्या वाइनरींमध्ये टेस्टिंगला गर्दी होते. पहिल्यांदाच आलेला पाहुणा तिथे जरा चक्रावतो. जाणकार माणूस ग्लास हलवतो, नाकाशी नेतो आणि चेहऱ्यावरची रेघही न हलवता ‘वेट डॉग’, ‘बार्नयार्ड’ किंवा ‘कॅट्स पी’ म्हणतो. ओलं कुत्रं, गोठा, मांजराचं मूत! ऐकणाऱ्याला या शिव्या वाटतात. म्हणणाऱ्याच्या लेखी मात्र ते निदान असतं.

पूर्वी असं नव्हतं. वाइनबद्दलचं जुनं इंग्रजी लेखन ‘एलिगंट’, ‘नोबल’, ‘फेमिनिन’ अशा विशेषणांनी भरलेलं असे. त्यातून लिहिणाऱ्याची अभिरुची कळे, ग्लासात काय आहे ते कळत नसे. हा घोळ अ‍ॅन नोबल यांना खटकला. १९७४मध्ये त्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या द्राक्ष-वाइन विभागात रुजू झाल्या. १९८४मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह वासांच्या शब्दांची एक शिस्तशीर मांडणी प्रसिद्ध केली. तीच पुढे ‘अरोमा व्हील’ म्हणून जगभर गेली. मधल्या वर्तुळात बारा ढोबळ गट, त्याबाहेर पोटगट आणि कडेला नेमक्या वस्तू, अशी ती रचना आहे. चांगलं-वाईट सांगणाऱ्या शब्दाला तिथे थारा नाही. गुलाब, मध, लवंग यांच्याच पंगतीला कोबी, रॉकेल, भिजलेला पुठ्ठा, स्कंक आणि ते ओलं कुत्रंही बसलं आहे. शब्द नुसते पाठ करायचे नसतात. साध्या वाइनमध्ये डबाबंद शतावरीचं थोडं पाणी टाकायचं, हुंगायचं आणि तो वास डोक्यात पक्का बसवायचा, अशी शिकवण्याची रीत. मला यातला रोखठोकपणा आवडतो. ‘खराब आहे’ म्हटल्यावर संवाद तिथेच संपतो, ‘सडक्या अंड्यासारखं आहे’ म्हटलं की वाइन बनवणारा कामाला लागतो.

कारण सडक्या अंड्याचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. आंबवताना यीस्टला रसातून पुरेसा नायट्रोजन मिळाला नाही की ते हा वायू सोडतं. वेलीवर उशिरा मारलेलं गंधकही त्याला हातभार लावतं. उपायांपैकी एक म्हणजे अगदी नावाला मोरचूद. मोरचूद नाशिकच्या बागायतदाराला नवं नाही, छाटणीनंतर तो बोर्डो मारतोच. (या बोर्डोचा जन्म तर चक्क द्राक्षं किळसवाणी दिसावीत म्हणून झाला. फ्रान्समध्ये मेडॉक भागातले शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत, म्हणजे येणारे-जाणारे घड तोडणार नाहीत. त्या वेलींवर डावणी हा बुरशीजन्य रोग येत नाही हे वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांच्या लक्षात आलं आणि १८८५मध्ये त्यांनी ते मिश्रण जाहीर केलं.)

‘कॉर्क्ड’ हा शब्द जुना, त्याचं कारण मात्र उशिरा सापडलं. बाटली उघडली की श्रावणात दोन दिवस न वाळलेल्या कपड्यांचा येतो तसा कुबट वास येतो आणि फळाचा वास मरून जातो. १९८२मध्ये हान्स टॅनर आणि त्यांच्या स्विस सहकाऱ्यांनी याचं मूळ ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल, म्हणजे टीसीए, असल्याचं दाखवलं. बुचावरची बुरशी आणि क्लोरीनयुक्त रसायनं एकत्र आली की ते तयार होतं. लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी सरावलेल्या नाकाला ते पकडता येतं.

गोठ्याच्या किंवा घोड्याच्या वासामागे ब्रेटॅनोमायसीस नावाचं यीस्ट असतं. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत क्लाउसेन यांनी १९०४मध्ये त्याचं बारसं केलं. नावाचा अर्थ ‘ब्रिटिश बुरशी’, कारण मुरवलेल्या इंग्लिश बिअरची खास चव या यीस्टमुळे येते असं त्यांना आढळलं होतं. म्हणजे तेव्हा तो गुण होता! आज बहुतेक वाइनरी त्याला पिंपांत शिरू देत नाहीत, तरी थोडासा असेल तर हवाच म्हणणारे शौकीन आहेत. जुन्या रीसलिंग या पांढऱ्या वाइनमधल्या रॉकेलच्या वासाचंही तेच. सोव्हिन्याँ ब्लाँ या दुसऱ्या पांढऱ्या वाइनमधलं मांजर तर जवळपास कौतुकाचंच.

या सगळ्यात अमेरिकन द्राक्षांच्या वासासाठीचा ‘फॉक्सी’ एवढा एकच शब्द अजून आकसाने बोलला जातो, असं माझं मत. सतराव्या शतकात अमेरिकेत गेलेल्या इंग्रजांनी तिथल्या रानटी द्राक्षांना ‘फॉक्स ग्रेप’ म्हटलं. ते कोल्ह्याच्या वासावरून की कोल्हे ती खातात म्हणून, यावर एकमत नाही. पुढे १८६०च्या दशकात अमेरिकन वेलींबरोबर फायलोक्झेरा ही कीड युरोपात पोहोचली आणि तिने बागा उजाड केल्या. तोडगा निघाला तोही अमेरिकन खुंटावर युरोपीय कलम बांधण्याचा. नाशिकच्या कितीतरी बागा आज ज्या ‘डॉगरीज’वर उभ्या आहेत, तो खुंटही मूळचा टेक्सासचाच. मुळाशी अमेरिका चालली, फळात मात्र नको. फ्रान्सने १९३४च्या कायद्याने इझाबेलासह अमेरिकन वंशाच्या सहा जातींवर बंदी घातली. त्या इझाबेलालाच आपल्याकडे ‘बंगलोर ब्लू’ म्हणतात.

तो बदनाम वास प्रामुख्याने मिथाइल अँथ्रानिलेटचा असतो. द्राक्षाच्या स्वादाच्या गोळ्यांमध्ये आणि सरबतांमध्ये तेच वापरतात, आणि पोरं ते मिटक्या मारत खातात-पितात.